मेडिकेअर आणि प्रोस्टेट कर्करोगाचा उपचारखर्च : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

सार्वजनिक आरोग्य विम्याची देयकपद्धती उपचारांची निवडही ठरविते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मेडिकेअर योजनेच्या आधारे केला आहे.

१९६५ मध्ये ही योजना ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी संमत झाली. पुरुषी संप्रेरक रोखल्यास प्रोस्टेट कर्करोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखविले होते. त्यासाठी वृषण काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच करावी लागे. १९८५ मध्ये मान्यता मिळालेले ल्युप्रोलाइड इंजेक्शन मात्र वारंवार घ्यावे लागे. १९९८ पासून मेडिकेअर औषधाच्या जाहीर घाऊक किमतीच्या ९५ टक्के रक्कम ग्राह्य धरीत असे. डॉक्टरांना औषध त्याहून स्वस्त मिळे आणि फरक त्यांच्याकडे राही. वृद्ध रुग्णाचा २० टक्के वाटाही याच फुगीर रकमेवर आकारला जाई.

२००३ च्या कायद्यानुसार २००५ पासून प्रत्यक्ष सरासरी विक्री किंमत अधिक ६ टक्के हे सूत्र लागू झाले. २०१० मधील एका अभ्यासानुसार, अनुचित रुग्णांवरील संप्रेरकोपचारांचे प्रमाण २००३ मधील ३८.७ टक्क्यांवरून २००५ मध्ये २५.७ टक्क्यांवर आले. किरणोपचारासोबतचा आवश्यक वापर मात्र घटला नाही.

सारांश, विमा किती जणांना मिळाला याबरोबरच तो कोणत्या दराने पैसे मोजतो, हेही आरोग्याच्या इतिहासलेखनात तपासले पाहिजे.