जुन्या ट्रक इंजिनांतील हेड गॅस्केट

हेड गॅस्केट हा इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे सिलिंडर हेड यांच्यामधील सांधा बंद करणारा पातळ, सपाट भाग होय. गॅरेजांमध्ये त्यास 'हेड पॅकिंग' किंवा नुसतेच 'पॅकिंग' म्हणतात. प्रस्तुत लेखात यांत्रिक डिझेल पंपावर चालणाऱ्या, टर्बोचार्जर नसलेल्या व बिडाचे हेड असलेल्या जुन्या ट्रक इंजिनांसाठी हेड गॅस्केट कसे निवडावे व कसे बसवावे, याची माहिती दिली आहे. अशी इंजिने सपाटीवर वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात आणि घाटात दगा देतात. म्हणून अमरावती जिल्ह्यातील परतवाडा–चिखलदरा हा मार्ग येथे उदाहरणादाखल घेतला आहे.

कार्य

हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी अडवाव्या लागतात: सिलिंडरमधील जळते वायू, थंडाव्याचे पाणी आणि वंगण तेल. यांपैकी वायूंचे काम सर्वांत कठीण असते. डिझेल इंजिनात इंधन पेटते त्या क्षणी सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या साठ ते नव्वद पट होतो आणि तो हेडला वर उचलू पाहतो. हेडचे बोल्ट हेडला खाली दाबून धरतात. गॅस्केट केवळ उरलेली सूक्ष्म फट भरते. बोल्टांची पकड कमी झाली किंवा हेड वाकले, तर कोणतेही गॅस्केट टिकत नाही. ही बाब साधी असली तरी दुरुस्तीच्या वेळी तीच सर्वाधिक विसरली जाते. शेजारच्या दोन सिलिंडरांमधील पट्टी सर्वांत अरुंद असल्याने गॅस्केट बहुधा तेथेच प्रथम जळते.

प्रकार

जुन्या ट्रकांसोबत मुळात आलेली गॅस्केटे बहुतांशी तांबे व ॲस्बेस्टॉस यांची होती. तांब्याच्या दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये ॲस्बेस्टॉसचा थर आणि सिलिंडरच्या छिद्राभोवती दुमडलेली धातूची कड अशी त्यांची घडण असे. हे गॅस्केट मऊ असल्याने पृष्ठभागावरील लहानसहान खाचा सामावून घेई. मात्र ॲस्बेस्टॉसची धूळ श्वासावाटे गेल्यास ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसाचा विकार व कर्करोग होतो, असे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्याच्या वापरावर बंदी घातली आणि गॅस्केटचे उत्पादक ग्रॅफाइट व अन्य तंतूंकडे वळले.

ग्रॅफाइटच्या गॅस्केटमध्ये दात पाडलेल्या पोलादी पत्र्यावर दोन्ही बाजूंनी ग्रॅफाइटचा थर दाबलेला असतो व सिलिंडरभोवती पोलादी कडे असते. तिसरा प्रकार स्प्रिंगच्या पोलादाचे अनेक पातळ पत्रे एकावर एक ठेवून केलेला असतो. नव्या इंजिनांत तो उत्तम चालतो. पण त्याला आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. गंजाने खड्डे पडलेल्या जुन्या ब्लॉकवर तो पाणी सोडतो. 'महाग म्हणून चांगले' हा समज येथे खोटा ठरतो.

निकामी होण्याची कारणे

गॅस्केट आपणहून क्वचितच निकामी होते. बहुतेक वेळा इंजिन आधी तापते, हेड वाकते आणि त्यानंतर गॅस्केट जळते.

परतवाडा हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, सागवानाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथून चिखलदऱ्याचे अंतर सुमारे ३० किलोमीटर असून तेवढ्यात रस्ता सुमारे ७०० मीटर चढतो. भरलेला ट्रक हा चढ खालच्या गिअरमध्ये, पूर्ण ताकदीने व अत्यंत मंद गतीने चढतो. इंजिन सर्वाधिक उष्णता निर्माण करीत असते, तर वेग कमी असल्याने रेडिएटरवर समोरून वारा जवळजवळ येत नाही. सारा भार पंख्यावर पडतो. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पायथ्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते, हे वेगळेच.

यात उंचीची भर पडते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्याने उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९६ अंशांवर उकळते. रेडिएटरचे दाबाचे झाकण हा तोटा भरून काढते आणि उकळबिंदू आणखी वरही नेते. पण झाकणाचे रबर चिरलेले किंवा स्प्रिंग ढिली असेल, तर पायथ्याशी न उकळणारे पाणी माथ्यावर उकळते. वाफेचा बुडबुडा हेडमध्ये जेथे अडकतो, तेथे धातूला पाण्याचा स्पर्श होत नाही व तेवढाच भाग प्रमाणाबाहेर तापतो. अशा वेळी झाकण हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित सुटे भाग ठरते.

दुसरे स्थानिक कारण पाण्याचे आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात 'खारपाणपट्टा' पसरलेला आहे. दर्यापूर, अकोट या भागांतील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी खारट असते. तेच पाणी रेडिएटरमध्ये ओतल्यास ब्लॉकच्या आत क्षारांचा थर साचतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि हेडवरील पाण्याच्या छिद्रांच्या कडा गंजून खाल्ल्या जातात. गॅस्केटला टेकण्यास जागाच उरत नाही. खारपाणपट्ट्यातून जाणाऱ्या ट्रकात कूलंट मिसळलेले शुद्ध पाणी वापरणे आणि ते नसेल तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी ओतणे हाच त्यावर उपाय आहे.

इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत सर्वत्र आढळते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यास पाण्याची आडवाट कायम उघडी राहते, पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालतो आणि चढावर इंजिन उलट अधिक तापते. चढ संपताच इंजिन एकदम बंद करणे व तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणे या दोन सवयींमुळेही हेडला तडे जातात. माथ्यावर पोहोचल्यावर इंजिन काही मिनिटे मंद गतीत चालू ठेवावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये.

लक्षणे

बाहेर कोठेही गळती नसताना पाणी कमी होणे, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, वरचा पाण्याचा पाइप लगेच कडक होणे, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसणे, तापल्यावरही पांढरा धूर राहणे आणि शेजारचे दोन सिलिंडर एकाच वेळी कमजोर होणे ही मुख्य लक्षणे होत. यांपैकी शेवटचे लक्षण बहुधा दोन सिलिंडरांमधील पट्टी जळाल्याचे असते. मात्र तडा गेलेले हेड किंवा फुटलेला ऑइल कूलर यांचीही लक्षणे अशीच असतात. त्यामुळे हेड उतरविण्यापूर्वी ऑइल कूलर तपासणे हिताचे असते. सिलिंडरमध्ये पाणी उतरल्याची शंका असल्यास स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पाणी बाहेर पडते.

निवड

सर्वप्रथम इंजिनाचा नेमका प्रकार निश्चित करावा लागतो. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला व जमशेदपूर येथे टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक तयार होऊ लागले. हा सहयोग १९६९ मध्ये संपला. मात्र त्या घराण्यातील सहा सिलिंडरची इंजिने पुढे अनेक दशके भारतीय रस्त्यांवर राहिली. त्यांपैकी ६९२ आणि ६९७ या आकड्यांतच अर्थ आहे. पहिला अंक सिलिंडरांची संख्या, पुढील दोन अंक सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासातील फरक केवळ पाच मिलिमीटरचा असला, तरी एकाचे गॅस्केट दुसऱ्याला चालत नाही. छिद्र लहान असलेले गॅस्केट सिलिंडरमध्ये डोकावते, लाल तापते व जळते. बोअर वाढविलेल्या इंजिनालाही हाच नियम लागू पडतो. ट्रकच्या नावावरून गॅस्केट मागू नये, कारण जुन्या ट्रकांत इंजिने अनेकदा बदललेली असतात. ब्लॉकवरील क्रमांक पाहावा व जुने पॅकिंग सोबत न्यावे. दुकानातच नवे त्यावर ठेवून प्रत्येक छिद्र जुळते का, हे पाहावे.

त्यानंतर जाडी. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा तो ब्लॉकच्या पातळीच्या जवळपास किंवा किंचित वर असतो. पिस्टन व हेड यांतील अंतर बव्हंशी गॅस्केटच ठरविते. ब्लॉकचे फेसिंग केले असल्यास पिस्टन अधिक वर येतो, म्हणून जाड गॅस्केट लागते. अनेक इंजिनांसाठी वेगवेगळ्या जाडीची गॅस्केटे मिळतात व कडेवरील खाचा किंवा भोके ही जाडीची खूण असते. हेडचे फेसिंग केल्यास व्हॉल्व्ह व नोझलची टोके पिस्टनच्या जवळ येतात, त्यामुळे व्हॉल्व्ह हेडमध्ये किती खोल आहेत हे मोजावे लागते. जाडी भरून काढण्यासाठी दोन गॅस्केटे एकावर एक बसविणे पूर्णतः चुकीचे आहे.

पृष्ठभाग खडबडीत असेल तर ग्रॅफाइटचे, नव्याने घासून गुळगुळीत केलेला असेल तर उत्पादकाने सुचविलेले कोणतेही गॅस्केट चालते. वापरलेले गॅस्केट पुन्हा बसवू नये. पहिल्यांदा दाबले जाताना ते आपला आकार कायमचा बदलते.

बसविण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हेड उतरवावे. गरम हेडचे बोल्ट सोडल्यास ते वाकते. बोल्ट कडेपासून मध्याकडे, थोडे थोडे करून सोडतात. उतरविलेले हेड खालच्या तोंडावर ठेवू नये, कारण नोझलची टोके बाहेर आलेली असतात.

जुने पॅकिंग खरवडण्याचे काम गॅरेजातील सर्वांत लहान मुलाकडे येते, आणि नेमके हेच काम सर्वांत धोक्याचे असते. जुने पॅकिंग ॲस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता गृहीत धरावी. ते पाण्याने भिजवून मगच काढावे. वायर ब्रश लावलेले ग्राइंडर, कोरडा एमरी पेपर किंवा हवेचा फवारा वापरू नये, नाकातोंडावर योग्य मास्क असावा आणि चुरा ओल्या स्थितीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा. ॲस्बेस्टॉसमुळे होणारे आजार दोन-तीन दशकांनी दिसतात. त्यामुळे 'आम्ही आयुष्यभर असेच केले, काही झाले नाही' हा युक्तिवाद टिकत नाही.

त्यानंतर हेडच्या तोंडावर पोलादी सरळ पट्टी लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांत ठेवून तिच्याखाली फीलर गेज सरकवून पाहतात. सहा सिलिंडरच्या बिडाच्या हेडसाठी लांबीत सुमारे ०.१ मि.मी. व रुंदीत ०.०५ मि.मी. एवढी तफावत बहुधा चालते. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असते. याहून अधिक असल्यास फेसिंग करावे लागते. फेसिंगपूर्वी व्हॉल्व्ह सीटांच्या मधल्या जागेत तडे आहेत का, हे तपासावे. तडा गेलेल्या हेडवर फेसिंगचा खर्च वाया जातो. ओले लायनर असलेल्या इंजिनांत लायनरची कड ब्लॉकच्या वर किंचित आलेली असते. ती डायल गेजने मोजतात. ही उंची शेजारच्या लायनरांत वेगवेगळी असल्यास गॅस्केट तिरपे दाबले जाते आणि काही हजार किलोमीटरांतच पुन्हा निकामी होते.

बोल्टांची भोके हे दुर्लक्षिले जाणारे आणखी एक स्थान. बंद तळाच्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिल्यास बोल्ट आवळताना ते दाबले जाते, पाना पुरेसा दाब दाखवितो व प्रत्यक्षात हेड ढिले असते. क्वचित ब्लॉकही फुटतो. भोके कोरडी करून आटे साफ करावेत. मान बारीक झालेले किंवा लांबलेले बोल्ट बदलावेत. बोल्टच्या आट्यांना व डोक्याखाली ऑइलचा हलका हात द्यावा.

गॅस्केटवर 'वर' अशी खूण असल्यास ती पाहूनच ते ठेवावे. उलटे बसल्यास ऑइलचे छिद्र झाकले जाऊन रॉकरला तेल मिळत नाही. शेलॅक, ग्रीस किंवा चंदेरी रंग लावण्याची जुनी रीत तांब्याच्या पॅकिंगपुरती होती. ग्रॅफाइटचे गॅस्केट कोरडेच बसवितात. हेड सरळ खाली उतरविणे आवश्यक असते, सरकवल्यास ग्रॅफाइट खरवडले जाते. यासाठी हेड काढलेल्या दोन जुन्या बोल्टांचे खुंट टोकांना लावून त्यांवरून हेड खाली सोडतात.

बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, पुस्तिकेतील क्रमाने व तीन-चार टप्प्यांत आवळतात. येथे टॉर्क पान्याला पर्याय नाही. लांब पाइप लावून अंदाजाने आवळलेल्या हेडमध्ये कोणतेही दोन बोल्ट सारखे आवळलेले नसतात. त्यानंतर टॅपेट लावून इंजिन सुरू करतात. जुन्या पद्धतीच्या गॅस्केटमध्ये इंजिन तापवून आणि पुस्तिकेनुसार निवल्यावर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. प्रत्येक बोल्ट किंचित सैल करून मग ठरलेल्या दाबापर्यंत, एका वेळी एकच. हेड या वेळी थोडे खाली बसत असल्याने टॅपेटचे अंतर पुन्हा तपासावे लागते. पुढची तपासणी साधारण पाचशे ते हजार किलोमीटरनंतर करतात. 'पुन्हा आवळू नये' असे वेष्टनावर छापलेल्या गॅस्केटना हा नियम लागू नाही. पहिली तपासणी होईपर्यंत भरलेला ट्रक घाटात नेऊ नये.