'टु' आणि क्रियापद यांच्यामधली फट

इंग्रजी शिकवणाऱ्या आपल्याकडच्या पिढ्यांनी ज्या चुकांभोवती लाल शाईची वर्तुळे काढली, त्यांत 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह'चा क्रमांक बराच वर लागावा. 'टु' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालायचे नाही, असा तो नियम. 'टु क्लिअर्ली अंडरस्टँड' अशुद्ध, 'टु अंडरस्टँड क्लिअर्ली' शुद्ध. प्रस्तुत लेखकानेही नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत या कारणासाठी विद्यार्थ्यांचे अर्धे-अर्धे गुण कापलेले आहेत. तेव्हा हा नियम आला कुठून, असे कोणी विचारले असते, तर 'लॅटिनमधून' असे उत्तर ठोकून दिले असते. ते उत्तर फारसे टिकत नाही, हे पुढे लक्षात आले.

प्राचीन इंग्रजीत हा प्रश्नच नव्हता. तिथे इन्फिनिटिव्ह एका शब्दाचे असे आणि त्याच्या अखेरीस 'अन' हा प्रत्यय येई. 'पिणे' म्हणजे 'ड्रिंकन'. हेतू सांगायचा असला की त्याआधी 'टु' हे शब्दयोगी पद येई आणि मागच्या शब्दाला चतुर्थीसारखे रूप मिळे. 'पाणी प्यायला गेला' या वाक्यातला आपला 'ला' जे काम करतो, साधारण तेच ते काम. फरक इतकाच की आपला 'ला' धातूला मागून चिकटतो, त्यामुळे त्या दोहोंत बोट शिरायलाही जागा उरत नाही. इंग्रजीत मात्र पुढच्या काही शतकांत प्रत्यय झिजून गेले आणि 'टु' एकटा इन्फिनिटिव्हची खूण म्हणून उरला. तो स्वतंत्र शब्द होता, त्यामुळे त्याच्या आणि क्रियापदाच्या मध्ये फट होती. तेराव्या शतकाच्या सुमारास लेखक त्या फटीत शब्द घालू लागलेले दिसतात. लायामनच्या 'ब्रुट'मध्ये त्याची आरंभीची उदाहरणे सापडतात, चौदाव्या शतकात विक्लिफच्या गद्यात ती बरीच आहेत, आणि पंधराव्या शतकातल्या रेजिनाल्ड पीकॉकला तर ही रचना विशेष प्रिय होती.

त्यानंतर ती जवळजवळ नाहीशी होते. शेक्सपिअरच्या साऱ्या लेखनात तिचे एकच उदाहरण दाखवले जाते, तेही 142 व्या सुनीतात, यमकासाठी शब्दक्रम फिरवल्यामुळे आलेले. 1611 च्या बायबलच्या भाषांतरात ती नाही. हे असे का घडले, याचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही. बंदी घालणारे कोणी नव्हते, एवढे खरे. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी पद ठेवण्याबद्दल नाक मुरडणारा रॉबर्ट लाउथ आपल्या 1762 च्या व्याकरणात इन्फिनिटिव्हच्या दुभंगाविषयी चकार शब्द काढत नाही. तरीही या नियमाचे पितृत्व अजून अनेकदा त्याच्याच माथी मारले जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही रचना पुन्हा वर आली, आणि निषेध सुरू झाला तो त्यानंतर.

निषेधाच्या आरंभीच्या नोंदींपैकी दोन एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. 1834 साली अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड मॅगझिन'मध्ये 'पी.' अशी सही करणाऱ्या एका पत्रलेखकाने तक्रार केली, की ही लकब अशिक्षित लोकांत बरीच आढळते. पुढे 1864 साली कँटरबरीचे डीन हेन्री आल्फर्ड यांनी 'अ प्ली फॉर द क्वीन्स इंग्लिश' या पुस्तकात एका वाचकाने समर्थिलेल्या 'टु सायंटिफिकली इलस्ट्रेट' या प्रयोगाला उत्तर देताना लिहिले, की इंग्रजी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांना असली पद्धत मुळी ठाऊकच नाही. एकाच्या मते ती अडाणी लोकांत नेहमीची, दुसऱ्याच्या मते कोणाच्याच तोंडी नाही. दोघांना एकाच वेळी खरे मानायचे असेल, तर अडाणी लोकांना इंग्रजी बोलणाऱ्यांत धरायचे नाही, असे ठरवावे लागेल. मला वाटते, या नियमाचे मूळ लॅटिनपेक्षा इथे शोधावे. लॅटिनमधले इन्फिनिटिव्ह एका शब्दाचे असते म्हणून इंग्रजीतलेही तोडू नये, हा युक्तिवाद या आद्य निषेधकांच्या लेखनात दिसत नाही. तो नियमाला मागाहून चढवलेला मुलामा आहे. (आपल्याकडे 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा हळहळणाऱ्यांत व्युत्पत्तीची कळकळ किती होती आणि शाळेत कष्टाने कमावलेली पत जाण्याचे दुःख किती होते, असा प्रश्न या संदर्भात आठवतो. असो.)

प्रतिष्ठा चिकटल्यावर नियमाला राजनैतिक वजनही आले. 1871 च्या वॉशिंग्टन तहाच्या वाटाघाटींत ब्रिटिश शिष्टमंडळावर असलेल्या सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्या चरित्रात अँड्र्यू लँग यांनी सांगितले आहे, की तहाच्या मसुद्यात 'टु' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण काही केल्या खपवून घेतले जाणार नाही, अशी तार लंडनहून आली होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'स्प्लिट इन्फिनिटिव्ह' हे नाव रूढ झाले आणि वृत्तपत्रांतून त्यावर झोंबाझोंबी सुरू झाली. असल्या चुका शोधत बसणाऱ्या पंडिताला कामावरून काढून टाका, असे बर्नार्ड शॉने वृत्तपत्राला पत्र लिहून बजावले.

व्याकरणकारांनी मात्र लवकरच माघार घेतली होती. ऑटो येस्पर्सन यांचे म्हणणे असे, की 'टु' हा इन्फिनिटिव्हचा अविभाज्य भागच नाही, मग दुभंगते ते काय? फाउलर यांनी 1926 च्या 'मॉडर्न इंग्लिश युसेज'मध्ये इंग्रजी भाषकांचे पाच वर्ग पाडले. स्प्लिट इन्फिनिटिव्ह म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही आणि त्याची पर्वाही नाही, ते त्यांच्या मते सर्वांत सुखी. ते काय हे न कळता त्याला भिऊन असणाऱ्यांचा वर्ग त्यांनी वेगळा काढला आहे. त्या वर्गात आपण शिक्षक मोठ्या संख्येने भरलो असतो, असे कबूल करायला हरकत नसावी.

रोजच्या वापरात क्रियाविशेषणाची जागा अर्थ ठरवते, हा या भीतीने झाकलेला भाग. 'ही फेल्ड टु कम्प्लीटली अंडरस्टँड' म्हणजे त्याला पूर्णपणे समजले नाही, थोडेफार समजले. 'ही कम्प्लीटली फेल्ड टु अंडरस्टँड' म्हणजे काहीच समजले नाही. नियम पाळण्यासाठी 'ही फेल्ड कम्प्लीटली टु अंडरस्टँड' असे लिहिले, तर यांतला कोणता अर्थ घ्यायचा ते वाचकाच्या मर्जीवर. 'प्राइसेस आर एक्स्पेक्टेड टु मोअर दॅन डबल' या वाक्यात तर 'मोअर दॅन' हलवायला दुसरी जागाच नाही. 1966 साली 'स्टार ट्रेक' या मालिकेच्या निवेदनातले 'टु बोल्डली गो' कानात बसले, याचे एक कारण त्याची लय. 'बोल्डली' इकडेतिकडे हलवून पाहावे, लय मोडते.

20 जानेवारी 2009 रोजी अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बराक ओबामांना शपथ देताना 'फेथफुली' हे क्रियाविशेषण राज्यघटनेतल्या त्याच्या जागेवरून, म्हणजे साहाय्यक आणि मुख्य क्रियापदाच्या मधून उचलून वाक्याच्या टोकाला नेले. ते स्मरणातून शपथ सांगत होते. क्रियापद दुभंगू न देण्याची मुरलेली सवय इथे आडवी आली, असा तर्क स्टीव्हन पिंकर यांनी लगेच मांडला. तो सिद्ध करता येण्याजोगा नाही, पण लाल शाईने घडलेल्या कोणालाही तो पटेल. शंकेला जागा नको म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये शपथविधी पुन्हा झाला.

'इकॉनॉमिस्ट'च्या शैलीपुस्तिकेचे धोरण दीर्घकाळ असे होते, की ही बंदी निरर्थक आहे, पण ती मोडलेली पाहून फार लोक चिडतात म्हणून पाळावी. 2018 साली त्यांनी तिचाही आग्रह सोडला. ब्रिटनमधल्या बोलीभाषेच्या संग्रहात 1990 च्या दशकाच्या आरंभी दर दहा लाख शब्दांमागे 44 दुभंगलेली इन्फिनिटिव्ह्ज होती, 2010 च्या दशकात ती 117 झाली. आमच्याकडे मात्र गेल्याच सत्रात एका सहकाऱ्याने उत्तरपत्रिकेतल्या 'टु रिअली नो' या शब्दांभोवती वर्तुळ काढून ती माझ्यासमोर ठेवली आणि गुण कापू का, असे विचारले. मी नको म्हणालो. त्यांनी वर्तुळ तसेच ठेवले, गुण मात्र पूर्ण दिले.