सत्तेची वांटणी आणि आमचा वऱ्हाड

केंद्र, राज्य आणि गांव यांत राज्यकारभाराची वांटणी कशी होते, हें मुलांच्या गळीं उतरविणें किती कठीण, तें शाळामास्तरासच ठाऊक. मूळ संविधानाच्या सातव्या परिशिष्टांत ९७, ६६ व ४७ विषयांच्या तीन याद्या होत्या. मुलें त्या पाठ म्हणत आणि आठ दिवसांत विसरत. मग शेंदूरजनाघाटच्या वर्गांत मीं संत्र्यांची पेटी पुढें केली. पेटी रेल्वेनें दिल्लीस निघाली कीं केंद्राचा विषय. बागेचा शेतसारा राज्याचा. बाजारांतील दिवाबत्ती व गटारें नगरपरिषदेचीं. एवढें त्यांस तत्काळ उमगे.

आमच्या वऱ्हाडानें तर अशी वांटणी फार पूर्वीं भोगली आहे. फौजेच्या खर्चापोटीं १८५३ च्या तहानें निजामानें हा मुलूख कंपनीच्या कारभाराखालीं दिला, आणि १९०२ सालीं वर्षास २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानें गेला. मालकी हैदराबादेस, अंमल इंग्रजांचा, आणि १९०३ पासून वरिष्ठ कचेरी नागपुरास! तीन ठिकाणीं सत्ता वांटली, रयतेच्या वांट्यास कांहींच आलें नाहीं.

पुढें १९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. शिक्षण व स्थानिक स्वराज्य मंत्र्यांकडे. जमीनमहसूल, पोलीस आणि तिजोरी मात्र राखीव. संसार एकीचा आणि किल्ल्यांचा जुडगा दुसरीच्या कमरेस, असाच तो प्रकार.

स्वातंत्र्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. (नाईक पुसदकडील, म्हणजे वऱ्हाडचेच.) १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनीं गांवांस व शहरांस संविधानांत स्थान मिळालें आणि बाराव्या परिशिष्टांत नगरपालिकांसाठीं १८ विषय लिहिले गेले. परंतु येथें एक मेख आहे. केंद्रास व राज्यास अधिकार संविधानच देतें. नगरपालिकेस ते राज्याच्या विधिमंडळानें द्यावयाचे, आणि किती द्यावे तें त्याच्या मर्जीवर. एकाचा तो हक्क, दुसऱ्याची ती देणगी.

चौकस मुलगा येथेंच विचारतो, "आणि नाहीं दिले तर, गुरुजी?"

पांच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी, असें संविधान स्पष्ट सांगतें. तरीही महाराष्ट्रांतील कितीतरी नगरपरिषदांवर मुदत संपतांच प्रशासक बसले, आणि नगरपरिषदांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरांत झाल्या. मधल्या काळांत तुंबलेल्या गटाराचें गाऱ्हाणें न्यावयाचें तें लोकांनीं निवडलेल्या नगरसेवकाकडे नव्हे, सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.