अमेरिकेच्या मैदानांवरील महिला भालाफेक : १९३२ ते २०२२

महिलांच्या भालाफेकीचा ऑलिंपिकमधील प्रवेश अमेरिकेच्या भूमीवर झाला, आणि त्यानंतरच्या नव्वद वर्षांत तीन ऑलिंपिक व एक जागतिक अजिंक्यपद अशा चार प्रसंगी या क्रीडाप्रकारातील सर्वोच्च स्पर्धा त्या देशात भरली : १९३२ व १९८४ साली लॉस एंजेलिस येथे, १९९६ साली अटलांटा येथे आणि २०२२ साली ऑरेगन राज्यातील युजीन येथे. पहिल्या स्पर्धेचे सुवर्णपदक यजमान देशाने जिंकले, मधल्या दोन्ही स्पर्धांत त्याला एकही पदक मिळाले नाही आणि चौथ्या स्पर्धेत रौप्यपदक मिळाले. या चढउताराचे कारण खेळाडूंच्या दंडातील बळापेक्षा मुलींच्या हाती भाला देणाऱ्या किंवा नाकारणाऱ्या शाळा-महाविद्यालयांच्या धोरणात शोधावे लागते.

१९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ॲथलेटिक्सचे पाचच प्रकार होते व त्यांत भालाफेक नव्हती. मात्र ऑलिंपिकची दारे बंद असताना फ्रान्सच्या अलिस मिलिया यांनी ज्या स्वतंत्र महिला स्पर्धा उभ्या केल्या, त्यांतील १९२२ च्या पॅरिसमधील स्पर्धेत भालाफेक होती, आणि तीही उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनी केलेल्या फेकींच्या अंतरांची बेरीज धरून. १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये महिलांच्या सहा प्रकारांत भालाफेकीचा समावेश झाला. ३१ जुलै रोजी टेक्सासच्या मिल्ड्रेड ‘बेब’ डिड्रिक्सन हिने पहिल्याच प्रयत्नात ४३.६८ मीटर फेक केली. भाला हातातून निसटल्यामुळे ही फेक कमान न घेता जवळजवळ सपाट गेली आणि त्याच झटक्यात तिच्या खांद्याला दुखापत झाली. तरीही जर्मनीच्या एलन ब्राउम्युलर व टिली फ्लायशर या दोघी तिच्या मागेच राहिल्या; पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांतील अंतर २० सेंटिमीटरही नव्हते. विशेष म्हणजे जागतिक विक्रम त्या वेळी डिड्रिक्सनच्या नव्हे, तर तिचीच देशभगिनी नॅन गिंडेल हिच्या नावावर होता. तिने त्याच वर्षी जूनमध्ये शिकागो येथे ४६.७४ मीटर भाला फेकला होता. ऑलिंपिकमध्ये ती पाचवी आली. एकाच देशात एक विश्वविक्रमवीर व एक ऑलिंपिक विजेती असताना पुढील चाळीस वर्षे त्या देशाला या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळू नये, ही बाब स्पष्टीकरण मागते.

ते स्पष्टीकरण तत्कालीन शारीरिक शिक्षणाच्या विचारात आहे. १९२३ साली लू हेन्री हूव्हर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा महिला विभाग स्थापन झाला आणि त्यातील शिक्षिकांनी मुलींच्या चुरशीच्या स्पर्धांना, महिलांच्या ऑलिंपिक सहभागालाही, विरोध केला. त्यांचा हेतू मुलींच्या आरोग्याचे व प्रतिष्ठेचे रक्षण करण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. पण परिणाम असा झाला की महाविद्यालयांतून आंतरमहाविद्यालयीन सामन्यांऐवजी ‘खेळदिन’, म्हणजे निरनिराळ्या संस्थांच्या मुलींना मिसळून केलेल्या तात्पुरत्या संघांचे सौम्य खेळ, रूढ झाले. डिड्रिक्सनलाही महाविद्यालयाने घडवले नव्हते. ती डॅलसमधील एका विमा कंपनीच्या संघातून खेळत होती. भाल्याच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. टोकदार साधनाच्या भीतीमुळे अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांनी शालेय स्पर्धांत भालाफेक ठेवलीच नाही, त्यामुळे थाळी किंवा गोळा शाळेतच हाती घेणाऱ्या मुलीला भाला प्रथम महाविद्यालयात दिसे. खेद वाटावा अशी गोष्ट ही, की भाल्याच्या रचनेत क्रांती घडवणारा बड हेल्ड हा कॅलिफोर्नियाचाच होता. हवेत अधिक तरंगणारा भाला त्याने व त्याच्या भावाने १९५० च्या दशकात तयार केला, पण स्वदेशातील मुलींना तो फेकण्याची संधी क्वचितच मिळाली.

अमेरिकेच्या केट श्मिट हिने १९७२ व १९७६ साली ऑलिंपिक कांस्यपदके आणि १९७७ साली ६९.३२ मीटरचा जागतिक विक्रम मिळवून ही कोंडी एकटीच्या बळावर फोडली. १९७२ सालीच संघराज्याच्या निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणारा कायदा झाला, तो ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखला जातो. त्यामुळे महाविद्यालयांना मुलींसाठी संघ, प्रशिक्षक व शिष्यवृत्त्या देणे भाग पडले. फळ मात्र लगेच आले नाही. १९८४ साली, १९३२ च्याच कोलिझियम मैदानावर, ब्रिटनच्या टेसा सँडरसनने ६९.५६ मीटर फेकीसह सुवर्ण जिंकले. फिनलंडची टीना लिलाक दुसरी व ब्रिटनची फातिमा व्हिटब्रेड तिसरी आली, आणि त्या ऑलिंपिकवरील सोव्हिएत गटाच्या बहिष्कारामुळे पूर्व जर्मनीच्या खेळाडू आल्याच नव्हत्या. अटलांटात फिनलंडची हेली रांतानेन विजयी झाली.

१९९९ पासून महिलांच्या ६०० ग्रॅम वजनाच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला, जेणेकरून भाला सपाट न पडता टोकावर उतरावा व फेकीच्या वैधतेबद्दल वाद होऊ नये. जुन्या भाल्यावरील पेट्रा फेल्कचा ८० मीटरचा विक्रम त्यामुळे इतिहासजमा झाला. युजीनच्या हेवर्ड फील्डवर २२ जुलै २०२२ रोजी झालेली अंतिम फेरी या नव्या भाल्याची होती. बारा स्पर्धकांना प्रत्येकी तीन फेका व त्यांतील पहिल्या आठ जणींना आणखी तीन, अशी तिची पद्धत होती. ऑस्ट्रेलियाच्या केल्सी-ली बार्बरने ६६.९१ मीटर फेकून २०१९ च्या दोहा येथील विजेतेपद राखले; जागतिक स्पर्धेत असे करणारी ती पहिली महिला भालाफेकपटू. शेवटच्या फेरीपर्यंत पदकांबाहेर असलेल्या ३६ वर्षांच्या कारा विंगरने सहाव्या फेकीत ६४.०५ मीटर गाठून रौप्य मिळवले, आणि जागतिक अजिंक्यपदात महिला भालाफेकीचे अमेरिकेचे ते पहिले पदक ठरले. विंगर ही ऑरेगनच्या सीमेलगतच्या व्हँकुव्हर या वॉशिंग्टन राज्यातील गावची. शाळेतच मुलींना भाला देणाऱ्या मोजक्या राज्यांपैकी हे एक आहे. पुढे तिने पर्ड्यू विद्यापीठात, म्हणजे १९७२ च्या कायद्याने उघडलेल्या वाटेवर, खेळ घडवला, आणि २०२२ च्याच सप्टेंबरमध्ये ब्रुसेल्स येथे ६८.११ मीटरचा अमेरिकी विक्रम केला.

कांस्यपदक जपानच्या हारुका कितागुचीला ६३.२७ मीटर फेकीवर मिळाले. १९८४ साली तिन्ही पदके युरोपकडे गेली होती. आता तीन निरनिराळ्या खंडांत ती विभागली गेली. भारतीय वाचकांना या स्पर्धेतील नीरज चोप्राचे रौप्य आठवते, पण त्याच्या आदल्या दिवशी मेरठजवळच्या बहादुरपूर गावची अन्नू राणी ६१.१२ मीटर फेकीसह सातवी आली होती. उसाची कांडी फेकून सराव सुरू केलेल्या या शेतकरी कन्येची जागतिक स्पर्धेतील ही सलग दुसरी अंतिम फेरी होती, आणि कांस्यपदकापासून ती २.१५ मीटर दूर राहिली. पुढील वर्षी हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत तिने ६२.९२ मीटर भाला फेकून या प्रकारातील भारताचे पहिले आशियाई सुवर्णपदक जिंकले.