पहिली लेन्स पन्नासचीच का?

कॅमेरा घ्यायला निघालेल्या नवख्याला दुकानदारापासून जाणत्या मित्रांपर्यंत बहुतेक जण एकच सल्ला देतात: सोबत येणारी १८-५५ची किट लेन्स बाजूला ठेव आणि ५० मिमी, एफ १.८ घे. कारणे चार सांगतात. ती माणसाच्या डोळ्यासारखी पाहते, छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक काम तिच्यावरच केले, कमी उजेडात ती साथ देते आणि ती स्वस्त आहे. चारही कारणांत तथ्य आहे. तरीही नवखे बहुधा घेतात त्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी हा सल्ला चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी डोळ्याचा मुद्दा. कोणतीही लेन्स स्वतःच्या बळावर ‘नॉर्मल’ नसते. नाभीय अंतर फ्रेमच्या कर्णाच्या आसपास असले, की नेहमीच्या अंतरावरून पाहताना फोटोतली जवळ-दूरची मापे स्वाभाविक वाटतात. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाची फ्रेम ३६ बाय २४ मिमीची, कर्ण सुमारे ४३. तिथे ५० चपखल बसते, आणि ब्रेसाँ याच फ्रेमवर काम करत होता. क्रॉप सेन्सरचा कर्ण २७-२८ मिमीच भरतो. त्यावर ५० चढवली की निकॉन-सोनीवर ती ७५सारखी आणि कॅननवर ८०सारखी वागते. ब्रेसाँचे नाव घेऊन आपण नवख्याच्या हाती पोर्ट्रेटची लेन्स देतो.

याचा परिणाम घरातच दिसतो. गणपतीची आरती चालली आहे आणि तुम्ही दहा फुटांवर, भिंतीला पाठ टेकून उभे आहात. ५०मधून तुम्हाला जेमतेम साडेचार फूट रुंदी मिळते. मखर येते, पण टाळ वाजवणारा मामा आणि झांजा घेतलेली पोरे कापली जातात. त्याच जागेवरून २८ मिमीला आठ फूट मिळतात. ‘झूम पायांनी करा’ हा उपदेश एरवी मोलाचा आहे, कारण जागा बदलली तरच दृश्यातले परस्परांचे अंतर बदलते. पण मागे भिंत असताना पायांनी जायचे कुठे?

उजेडाचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. किट लेन्स ५५वर नेली की एफ ५.६ला थांबते, आणि एफ १.८ तिच्या जवळजवळ दसपट प्रकाश आत घेते. पणत्यांच्या उजेडात हा फरक फार मोठा आहे. पण हा गुण मोठ्या ॲपर्चरचा आहे, ५० या आकड्याचा नाही. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ १.८ २००९पासून आहे. तिच्यात तेवढाच प्रकाश येतो आणि खोलीही जास्त मावते.

आता स्वस्ताईचे मूळ. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा ठेवावी लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिमी आहे. त्याहून आखूड नाभीय अंतराची लेन्स करायची तर प्रतिमा मागे ढकलणारी, जास्त भिंगांची रचना करावी लागते. ५०ला ती कसरत नको. १८९६मध्ये पॉल रुडॉल्फने झाइससाठी केलेल्या प्लानरच्या कुळातली साधी रचना तिला पुरते. कॅननच्या ईएफ ५० एसटीएममध्ये सहाच भिंगे आहेत. म्हणजे ती स्वस्त झाली ती आरशाच्या भूमितीमुळे. शिकणाऱ्याला काय हवे, हा विचार त्या किमतीमागे कधीच नव्हता.

म्हणून माझा सल्ला असा. किट लेन्स ठेवा, तिची कडी २८च्या आसपास ठेवून काही महिने झूम न फिरवता फोटो काढा. मग प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स घ्या: निकॉनच्या झेड डीएक्सवर २४ मिमी एफ १.७, कॅननच्या जुन्या क्रॉप बॉडीवर ईएफ-एस २४ मिमी एफ २.८. दुसरीत ५०इतका उजेड येत नाही, हे ध्यानात ठेवून घ्या. ज्याला मुख्यतः चेहरेच टिपायचे आहेत किंवा ज्याच्याकडे ३६ बाय २४ची फुल फ्रेम आहे, त्याने ५० खुशाल घ्यावी. फक्त निकॉन डी३००० किंवा डी५००० मालिकेची बॉडी असेल तर जुनी ‘डी’ लेन्स टाळावी. त्या बॉडीत आणि या लेन्समध्येही फोकसची मोटर नसते, आणि प्रत्येक फोटोला फोकस हाताने करावा लागतो.