अर्थाची बोली : ऑनलाइन जाहिरातीतील नवोद्योगांचा इतिहास

शब्दाला दाम लावणे ही कल्पना महाजालाने जन्माला घातली नाही. तारघरात शब्द मोजून पैसे घेतले जात. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली तोवर ही रीत चालू होती. वृत्तपत्रांतील छोट्या जाहिरातींचाही हिशेब शब्दांचा किंवा ओळींचा असे. मात्र या जुन्या व्यवहारात सगळे शब्द समान मानले जात. तारेच्या दरपत्रकाला 'आई' आणि 'आंबा' यांत फरक दिसत नसे. प्रत्येक शब्दाची किंमत वेगळी, ती ठरविणार मागणी आणि तीही घटकेघटकेला बदलणार, अशी व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत उभी राहिली. ती वृत्तपत्रसमूहांनी वा नामांकित जाहिरातसंस्थांनी उभारलेली नव्हती. उसन्या भांडवलावर चालणाऱ्या, मूठभर माणसांच्या नवजात कंपन्यांनी उभारलेली होती. हा इतिहास बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने सांगितला जातो. भाषेच्या अभ्यासकांनी त्याकडे पाठ फिरवावी असे मात्र त्यात काही नाही. किंबहुना विकली गेली ती भाषाच.

प्रारंभी विक्रीला होती ती केवळ जागा. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची आडवी पट्टी झळकली. महाजालावरील बॅनर जाहिरातीचा आरंभ सामान्यतः येथून मानतात. पट्टीवर टिचकी मारता येत होती एवढे नावीन्य सोडले, तर हिशेब छापील पानाचाच होता : इतके वाचक, इतकी जागा, इतके पैसे. परंतु संकेतस्थळे हजारोंनी वाढू लागताच प्रत्येकाशी स्वतंत्र सौदा करणे जाहिरातदाराला अशक्य झाले. ही अडचण हेच १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'डबलक्लिक'चे भांडवल. केव्हिन ओ'कॉनर आणि ड्वाइट मेरिमन यांच्या या कंपनीचे स्वरूप बाजार समितीतील अडत्यासारखे होते. माल तिचा नव्हे, गिऱ्हाईकही तिचे नव्हे. दोघांची गाठ घालून द्यावयाची आणि मधली अडत घ्यावयाची. अडत्याकडे शेतकरी येतात ते तेथे व्यापारी असतात म्हणून, आणि व्यापारी येतात ते शेतकरी येतात म्हणून. या धंद्यातील वाढीचे गमक तेच आहे, आणि मोठा होत गेलेला अडत्या धाकट्यांना जागा का ठेवत नाही याचे कारणही तेच.

डबलक्लिकने आपल्या केंद्रीय संगणकावरून निरनिराळ्या संकेतस्थळांवर जाहिराती पोहोचविल्या. नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी १९९४ साली योजलेल्या 'कुकी' या खुणेच्या साहाय्याने तोच वाचक पुन्हा आला हे तिला ओळखता येई. १९९८ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. पुढच्याच वर्षी तिने 'अबॅकस डायरेक्ट' ही टपालाने होणाऱ्या खरेदीच्या नोंदी बाळगणारी कंपनी घेतली आणि निनावी वाचकाला नावगाव जोडण्याचा बेत आखला. २००० साली त्यावर एवढा गहजब झाला की बेत मागे घ्यावा लागला. वाचकाचाच ग्रंथ करून तो वाचण्याची ही पहिली मोठी धडपड होती. तिचे पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे.

शब्दाचा लिलाव सुरू झाला तो कॅलिफोर्नियात. नवनव्या कंपन्या जन्माला घालण्यासाठीच 'आयडियालॅब' ही संस्था काढणाऱ्या बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये 'गोटू डॉट कॉम' हे शोधयंत्र आणले. त्या काळातील शोधयंत्रे भेसळीने ग्रासलेली होती. एखादा लोकप्रिय शब्द पानात शेकडो वेळा पेरून, कधी तो पार्श्वभूमीच्याच रंगात लपवून, असंबद्ध पाने वर चढविली जात. ग्रॉस यांचे उत्तर नैतिक नव्हते, आर्थिक होते : ज्याला वर यावयाचे त्याने त्या शब्दासाठी बोली लावावी आणि वाचकाने टिचकी मारली तरच पैसे द्यावे. असंबद्ध टिचकीचे पैसे फुकट जातात, म्हणून जाहिरातदार आपल्याशी संबंध असलेलाच शब्द निवडील, हा त्यामागील तर्क. बोलीचा आरंभ एका सेंटपासून होता, आणि कोणी किती बोली लावली हे निकालाशेजारीच छापलेले असे. या सरळपणाची तेव्हा टिंगल झाली. विद्याव्यासंगाचे साधन विकाऊ केल्याचा आरोपही झाला. परंतु पुढील पिढीतील शोधयंत्रांनी किंमत झाकून ठेवली, हे लक्षात घेता गोटूची उघड पाटी अधिक प्रामाणिक होती असेच म्हणावे लागते.

वाचक नसले तर जाहिरातदार येत नाहीत आणि जाहिरातदार नसले तर धंदा नाही, या कोंडीतून गोटूने काढलेली वाट शिकण्याजोगी आहे. प्रारंभी तिने इतर स्थळांकडून वाचक विकत आणले आणि तोटा सोसून जाहिरातदारांना पुरविले. पुढे वाचक स्वतःच्या दारी आणण्याचा हट्ट सोडून ती आपली जाहिरातयादी मोठ्या शोधस्थळांना पुरवू लागली व उत्पन्न त्यांच्याशी वाटून घेऊ लागली. २००१ मध्ये तिने 'ओव्हरचर' हे नाव धारण केले. २००० च्या आरंभापर्यंत फुगलेला डॉट कॉम कंपन्यांचा फुगा तेव्हा फुटला होता आणि बॅनरच्या जोरावर उभ्या असलेल्या कित्येक कंपन्या बुडत होत्या. शब्द विकणारी ही कंपनी मात्र त्याच काळात नफ्यात आली.

गूगलने 'अ‍ॅडवर्ड्‌स' आणले ते ऑक्टोबर २००० मध्ये, सुमारे ३५० जाहिरातदारांसह. पण तेव्हा आकारणी टिचकीवर नव्हे, दर्शनावर होती. फेब्रुवारी २००२ मध्ये लिलाव स्वीकारताना गूगलने दोन बदल केले. क्रम केवळ बोलीवर न ठेवता वाचक त्या जाहिरातीवर किती वेळा टिचकी मारतात याचा गुणाकार त्यात घातला. आणि विजेत्याकडून त्याची पूर्ण बोली न घेता खालच्याला मागे टाकण्यापुरतीच रक्कम घेतली. एरवी बोली क्षणोक्षणी वर-खाली करण्याचा जो खेळ जाहिरातदार खेळत, तो त्यामुळे बराच थंडावला. ओव्हरचरने त्याच वर्षी पेटंटभंगाचा दावा लावला. २००३ मध्ये ओव्हरचर सुमारे १.६ अब्ज डॉलरला याहूकडे गेली आणि ऑगस्ट २००४ मध्ये, आपले समभाग बाजारात येण्याच्या तोंडावर, गूगलने २७ लाख समभाग देऊन हा दावा मिटविला.

शोधयंत्रात वाचक स्वतः शब्द टंकतो. लेख वाचणारा काहीच टंकत नाही. तेथे कोणत्या शब्दावर बोली लावावयाची? याचे उत्तर शोधणाऱ्यांत गिल एल्बाझ आणि अ‍ॅडम वाइसमन यांची १९९८ मधील 'ओइंगो' ही छोटी कंपनी होती. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८५ पासून घडत आलेला 'वर्डनेट' हा शब्दार्थसंबंधांचा कोश, आणि त्या धर्तीवर वाढविलेले अर्थांचे जाळे, ही तिची पुंजी. 'जावा' म्हणजे बेट, कॉफी की संगणकभाषा, हे भोवतालच्या शब्दांवरून ठरवावयाचे आणि त्यानुसार जाहिरात निवडावयाची. पुढे 'अप्लाइड सिमँटिक्स' हे नाव घेतलेल्या या कंपनीने पोट भरले ते मात्र विनावापर पडलेल्या संकेतनामांवर जाहिराती दाखवून. कोशकारांचे कष्ट कोणत्या बाजारात खपतील याचा नेम नसतो. एप्रिल २००३ मध्ये गूगलने ती १०.२ कोटी डॉलरला घेतली, आणि तिच्याकडील 'अ‍ॅडसेन्स' हे नाव सर्वतोमुखी झाले. मराठीत 'अर्थ' म्हणजे आशयही आणि धनही. इंग्रजीला हा श्लेष उपलब्ध नाही. व्यवहार मात्र तोच होता.

येथेच भाषाभाषांतील विषमता उघडी पडते. 'वर' हा शब्द घ्यावा : तो नवरदेव, आशीर्वाद आणि दिशा अशा तीन ठिकाणी वावरतो, शिवाय 'वराला', 'वरासाठी', 'वरपक्ष' ही त्याची रूपे यंत्राला वेगवेगळे शब्द वाटतात. मराठीसाठी आयआयटी मुंबई येथे वर्डनेटचे काम झाले, पण ते सार्वजनिक निधीवर. कोणा नवोद्योगाला त्यात नफा दिसला नाही. अमेरिकेतील मराठी भाषकांनी 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ मध्ये, म्हणजे डबलक्लिकच्याच वर्षी, सुरू केले. अ‍ॅडसेन्सने हिंदी मान्य केली डिसेंबर २०१४ मध्ये आणि मराठी २०१८ मध्ये. मधल्या काळात मराठी पानांवर लिहिणारे होते, वाचणारे होते. या लिलावात त्यांच्या भाषेला बोली नव्हती.

शब्दाचा मालक कोण, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे आला तो विवाहजुळणीच्या धंद्यातून. 'भारतमॅट्रिमनी' चालविणाऱ्या चेन्नईच्या कन्सिम इन्फो या कंपनीची तक्रार अशी की तिची नोंदणीकृत नावे शोधली असता प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती दिसतात. ३० सप्टेंबर २०१० रोजी मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली : 'तमिळ' आणि 'मॅट्रिमनी' यांसारखे शब्द वर्णनात्मक, सर्वांच्या वापरातले, ते जोडून घेतल्याने कोणाच्या एकट्याच्या मालकीचे होत नाहीत. समासाच्या घटकपदांवर चाललेला हा युक्तिवाद वैयाकरणांनी वाचावा असा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने १० ऑगस्ट २०२३ रोजी एका वेगळ्या प्रकरणात असे ठरविले की व्यापारचिन्हावर बोली घेणे हा त्या चिन्हाचा वापरच होय आणि गूगल त्यात सक्रिय सहभागी आहे. मात्र ग्राहकाचा गोंधळ होत नसेल तर एवढ्याने हक्कभंग होत नाही.

भारतातून उभ्या राहिलेल्या कंपन्यांत 'इनमोबी'चे उदाहरण बोलके आहे. २००७ मध्ये मुंबईत ती 'एमखोज' या नावाने निघाली. लघुसंदेशातून शोध घेऊन देणे हा तिचा धंदा. तो चालेना, तेव्हा भ्रमणध्वनीवरील जाहिरातींकडे वळून ती बंगळूरला गेली आणि 'खोज' हा देशी शब्द गळून पडला. २०११ मध्ये सॉफ्टबँकेने तीत २० कोटी डॉलर गुंतविले. २०१६ मध्ये ग्राहकांच्या संमतीविना त्यांच्या ठावठिकाण्याचा माग ठेवल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने तिला ९.५ लाख डॉलरचा दंड केला. डबलक्लिकची वाट दुसऱ्या गोलार्धातून निघालेल्यालाही चुकली नाही.

स्वतः डबलक्लिक २००५ मध्ये खाजगी गुंतवणूकदारांकडे गेली. २००७ मध्ये ३.१ अब्ज डॉलरला तिचा सौदा गूगलशी ठरला आणि मार्च २००८ मध्ये तो पुरा झाला. प्रकाशकांच्या बाजूची अडत आणि जाहिरातदारांचा शब्दबाजार त्यामुळे एका छपराखाली आले. त्यातील प्रकाशकांच्या बाजूच्या साधनांवर व जाहिरात-विनिमयावर गूगलने बेकायदा मक्तेदारी प्रस्थापित केली, असा निर्णय व्हर्जिनियातील संघीय न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी १७ एप्रिल २०२५ रोजी दिला.