गाडी खाली केली की वळणावर चांगली पळते? स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन बदलण्याआधी हे समजून घ्या

पनवेलजवळून दोन मोठे रस्ते निघतात. कळंबोलीहून मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे सुरू होतो. हा सहापदरी काँक्रीटचा रस्ता 2002 मध्ये पूर्ण खुला झाला. पळस्पे फाट्यावरून कोकणाकडे जातो तो मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. एक्स्प्रेसवेवर खिळून चालणारी कडक गाडी कोकणच्या वाटेवर कंबर मोडते. म्हणूनच सस्पेन्शन बदलताना 'कुठलं किट चांगलं' यापेक्षा 'गाडी कुठे चालणार' हा प्रश्न आधी येतो.

स्प्रिंग आणि शॉकअप: कोण काय करतं?

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्याचा धक्का दाबून घेते. पण दाबलेली स्प्रिंग लगेच उसळते. ती उसळी थांबवणं हे शॉकअपचं काम. त्यातला पिस्टन तेलातून बारीक छिद्रांमार्गे सरकतो आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

या दोघांची जोडी जमणं महत्त्वाचं. फक्त कडक स्प्रिंग टाकून कंपनीचे जुने शॉकअप ठेवले, तर ते वाढलेली उसळी आवरू शकत नाहीत. खडबडीत रस्त्यावर चाक क्षणभर जमिनीवरून सुटतं. सुटलेल्या चाकाला पकड नसते, मग ब्रेक लावला तरी गाडी उशिरा थांबते.

खाली केल्याने गाडी कमी झुकते का?

दरवेळी नाही. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. पण अनेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट प्रकारचं सस्पेन्शन असतं. त्यात गाडी फार खाली केली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो. ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि झुकण्याचा जोर उलट वाढू शकतो. शिवाय शॉकअपला हलायला जागा कमी उरते. मोठ्या खड्ड्यात तो रबरी बंपस्टॉपवर आदळतो आणि धक्का थेट बॉडीला बसतो.

स्पीड ब्रेकरचं गणित

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोल स्पीड ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असावा. एवढ्या रुंदीवर पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी चढावर असतात, त्यामुळे गाडीचं पोट सहसा वाचतं. गल्लीतले अरुंद, उभे स्पीड ब्रेकर मात्र दोन चाकांच्या मध्ये येतात. समजा, गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स 165 मिलिमीटर आहे. ती 40 मिलिमीटर खाली केली तर उरतात 125. मागे दोन माणसं आणि सामान आलं की आणखी कमी. 100 मिलिमीटरचा अरुंद स्पीड ब्रेकर तिथे पोट घासणारच.

पैसे कुठून खर्च करायचे?

क्रम साधारण असा ठेवता येतो:

1. टायरची हवा, टायरची अवस्था आणि व्हील अलाइनमेंट तपासा.
2. झिजलेले बुश, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट बदला. जुनी गाडी ढिली वाटण्याचं कारण अनेकदा इथेच असतं.
3. तेल गळणारे शॉकअप जोडीने बदला, एकच नको.
4. यानंतरही समाधान नसेल, तरच एकमेकांशी जुळणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा विचार करा. उंची आणि कडकपणा बदलता येणारे कॉइलओव्हर महाग असतात आणि ते नीट सेट करणारा जाणकार लागतो.

कोणतंही काम झालं की अलाइनमेंट पुन्हा करावंच लागतं, नाहीतर नवे टायर एका बाजूने झिजतात.

कायदा काय सांगतो?

खराब झालेला भाग त्याच प्रकारच्या भागाने बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडीची मूळ रचना बदलणं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 अशा बदलांवर मर्यादा घालतं. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात आलेल्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यात वादाचा मुद्दा ठरू शकतो. त्यामुळे किटची ऑर्डर देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांकडे विचारणा करणं सुरक्षित.